दप्तराच्या पट्ट्याचा तुकडा

टप्प.

शिलाई मशीनच्या फळीवरून रीळ खाली पडलं आणि घरंगळत खुर्चीखाली जाऊन थांबलं, नेमकं त्याच्या काठीच्या टोकापाशी. तो हातातल्या कागदाकडे बघत मनातल्या मनात पाठ करत होता, त्याची बायको केव्हाची सुईत दोरा ओवत बसली होती, आणि सहा वर्षांची चिमणी जमिनीवर पालथी पडून चित्रातल्या घराला तिसरं दार काढत होती.

तो वाकला. पडून वर्ष झालं तरी वाकताना त्याच्या तोंडून "आई गं" निघायचंच. रिळावर निळा जाड दोरा होता, दप्तरं शिवायचा. त्याने दोऱ्याचं टोक अंगठ्यावर गुंडाळून जरा ताणून बघितलं, मग रीळ तिच्या हातात दिलं.

"कुठवर आलो होतो गं मी?"

"'त्या दिवशी सकाळी मी पट्टा अंगात घातला.' तिथवर."

"हां. तर त्या दिवशी सकाळी मी पट्टा अंगात घातला. तो मला स्टोअरमधून बदलून मिळालाय अशी माझी समजूत होती. पण कुणीतरी जुनाच पट्टा शिवून..." तो थांबला. "लंबू म्हणतो, कुणीतरी काय, सरळ नाव घे. पण स्टोअरचा म्हातारा माणूस आहे तो. कशाला?"

"नको घेऊ," ती म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

"बाबा, तुम्ही भाषण विसरलात तर मी सांगू?" चिमणीने विचारलं. "मला सगळं येतं."

"तुला काय येत नाही, बाई! तूच जा मग काठी टेकत."

चिमणी खिदळली. तीही हसली, तोंडापुरतं.

तो वायरमन. होता, म्हणायला हवं. गोदामाच्या छतातले दिवे बदलताना वर्षापूर्वी तो पडला, खुबा आणि घोटा दोन्ही मोडले, आणि मालकाने त्याला ऑफिसात फोन घ्यायला बसवलं. जो माणूस शिडीवर उभा राहून शीळ घालायचा तो आता दिवसभर "हॅलो, बोला" म्हणायचा. त्या अपघाताने सगळेच हादरले होते. म्हणून आसपासच्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरांनी मिळून आपल्या माणसांसाठी उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. दोन दिवसांचं. दुसऱ्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं, कारण शिकवणारे सर म्हणाले होते की, साहेबाचं न ऐकणारा माणूस बायकोचं तरी ऐकतो का ते बघू. आणि त्याने तिथे उभं राहून आपली हकीगत सांगायची होती.

त्या हकिगतीतलं एक वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे फक्त तिला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

झालं होतं असं. वर्षापूर्वी एका संध्याकाळी तो आपला सेफ्टी बेल्ट घरी घेऊन आला. घामाने नुसता कडक झाला होता, धुवायचा होता. खांद्यावरून, पाठीवरून, दोन्ही मांड्यांभोवती जाणारे ते पट्टे तिने बादलीत बुडवले तेव्हा मांडीच्या पट्ट्याची कड एका जागी कापलेली दिसली, पत्र्याच्या धारेने कापावी तशी.

"हो, माहितीय," तो म्हणाला. "चावीकाकाला फोन केलाय, धुऊन पाठव, बदलून ठेवतो म्हणाला. पण त्याचं म्हणजे तुला ठाऊक आहे, अर्ज लिहा, सही आणा, तीन दिवस थांबा. तोवर बिनपट्ट्याचा चढेन."

चावीकाका म्हणजे त्यांच्या स्टोअरचे म्हातारे सांभाळणारे. कमरेला चाव्यांचा एवढा जुडगा की माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. चिमणीसाठी दर वेळी एखादं रंगीत बटण नाहीतर फ्यूज झालेला छोटा बल्ब राखून ठेवायचे.

बिनपट्ट्याचा चढेन, हे तो हसत म्हणाला. तिने मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. ती घरी दप्तरं शिवायची, दुकानातून कापड यायचं, ती शिवून द्यायची. फाटलेलं टाकून द्यायचं हे तिला माहेरापासूनच शिकवलेलं नव्हतं. तिच्या आईने एकदा छत्रीला ठिगळ लावलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा वाळला तेव्हा तिने चिमणीच्या दप्तराचा उरलेला पट्टा शोधला, तोच काळा रंग, जवळजवळ तीच रुंदी. कापलेल्या जागी आतून तुकडा लावला, निळ्या दोऱ्याने चौकोनात टाके घातले, चौकोनात फुली घातली, कोपऱ्यांवर दोनदा मागे-पुढे मशीन फिरवली. मग निळा दोरा उठून दिसतोय म्हणून पेनाच्या काळ्या शाईने तो हलके हलके रंगवला. काम इतकं झकास झालं की तिची तीच खूश. संध्याकाळी त्याला दाखवायचं, म्हणायचं, घ्या, तुमचे तीन दिवस वाचवले.

पण संध्याकाळी चिमणीला ताप भरला. त्या धांदलीत पट्टा राहिला बाजूला. तो दोन दिवस दुसऱ्या कामावर होता, जमिनीवरच्या, त्याला पट्टा लागणार नव्हता. सकाळी लंबू आला, त्याचा जोडीदार, दारातून वाकून आत यावं लागतं असा उंच. "वहिनी, पट्टा द्या, स्टोअरला टाकतो." तिने घडी घालून पिशवीत दिला. सांगू, सांगू म्हणता सांगायचं राहून गेलं, आणि मग ती विसरलीच. गॅसवरचं दूध विसरावं, तशी साधी विसरली.

चावीकाकांनी पट्टा पाहिला. कापलेला कुठेच दिसेना. त्यांना वाटलं, याने फोनवर भलत्याच पट्ट्याचं सांगितलं. त्यांनी तो त्याच्या सात नंबरच्या खुंटीला परत अडकवला. तिसऱ्या दिवशी तो कामावर आला, सात नंबरच्या खुंटीवरचा पट्टा धडधाकट दिसला, त्याला वाटलं बदलला. अंगात घातला आणि चढला.

वर लोखंडी तुळईवरून पाय घसरला. दोराने त्याला धरलं होतं. दोराने अगदी बरोबर धरलं होतं. मांडीचा पट्टा तिच्या टाक्यांपाशी फाटला, तो तिरका झाला, पट्ट्यातून निसटला आणि दोन मजल्यांएवढ्या उंचीवरून खाली आला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मालकाने तो फाटका पट्टा सगळ्यांसमोर धरला होता. आतून लावलेला तुकडा लोंबत होता. "काका, हे काय?"

"मला माहीत नाही, मालक. माझ्याकडे आला तेव्हा कुठे कापलेला नव्हता."

"मग काय पट्ट्याने स्वतःच टाके घातले?"

ती बाकावर बसली होती, मांडीवर झोपलेली चिमणी. आता बोलावं, आता बोलावं, असं तिने तीनदा ठरवलं, पण दर वेळी नुसतं चिमणीचं डोकं मांडीवर सारखं केलं. आतमध्ये नवरा शुद्धीवर नव्हता. तिला वाटलं, तो एकदा डोळे उघडू दे, मग सांगते. त्याने डोळे उघडले तेव्हा वाटलं, चालायला लागू दे. तो काठी घेऊन चालायला लागला तोवर चावीकाकांना कामावरून काढून दोन महिने झाले होते. मग कशाला आता, असं वाटायला लागलं. कशाला आता, हे एकदा मनात शिरलं की ठाण मांडूनच बसतं.

तिने दप्तरं शिवणं सोडलं नाही. पण त्या निळ्या रिळाला हात लावायची वेळ आली की ती आधी पदराला हात पुसायची.

*

शेडमध्ये परांची बांधली होती, लोखंडी पाइपांची, तीन माणसं उंच. खुर्च्यांवर दीडशेक माणसं, मागच्या रांगांत बायका, पोरं. सर ठेंगणे, गोल, आवाज मात्र पहाडी.

"शिडीवर किती गोष्टी चिकटलेल्या पाहिजेत? तीन. दोन पाय, एक हात. किंवा दोन हात, एक पाय. बायकोचा फोन कानाला चिकटलाय, तो धरायचा नाही त्यात."

हशा.

"आणि तुम्हा लोकांची एक खोड. पट्टा घालता, पण दोराचा हुक कुठे अडकवता? स्वतःच्याच पट्ट्याला! लोंबू नये म्हणून. म्हणजे पडलात तर स्वतःला धरून पडाल. हुक डोक्याच्या वर, भक्कम जागी. चला, आता साडू दाखवतो."

साडू म्हणजे वाळू भरलेलं माणसाएवढं पोतं होतं, त्याला पट्टा घातलेला. "याला साडू म्हणतो आम्ही. पडला तरी आपल्या घरात कुणी फारसं रडत नाही."

पुन्हा हशा. पण तिला हसू आलं नाही. कप्पीवरचा दोर ओढून साडूला वर चढवणारे म्हातारे चावीकाका होते.

ती त्यांना वर्षभराने बघत होती. शर्ट सैल झाला होता. कमरेला चाव्या नव्हत्या, तरी दोर ओढून झाला की त्यांचा हात सवयीने कमरेकडे जायचा आणि काहीच न सापडून खाली यायचा. सरांनी त्यांना कुठून तरी मदतीला घेतलं होतं. लंबूने पुढच्या रांगेतून मागे वळून तिच्या नवऱ्याला खूण केली, बघ, कोण आहे. नवऱ्याने मान खाली घातली आणि हातातल्या कागदाच्या चार घड्या घातल्या.

साडू पडला. धाडकन दोराला लटकला, हलत राहिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सरांनी टेबलावरून एक पट्टा उचलला. लांबूनही तिने तो ओळखला.

"हा खरा पट्टा आहे. खऱ्या अपघातातला. हा टाका बघा. बारीक, सरळ, एकसारखा. वरून रंगवलासुद्धा आहे. शिवणारा हात नंबर एकचा. आणि तिथेच घात झाला. वेडावाकडा शिवला असता तर घालणाऱ्याने बघितलं असतं, फेकून दिला असता. सुईचं एकेक भोक म्हणजे पट्ट्यातले धागे तुटलेले. जिथे शिवला तिथे तो आधीपेक्षा कच्चा झाला. पट्टा कापला गेला, जळला, उसवला, तर काय करायचं? शिवायचा नाही, गाठ मारायची नाही. कात्रीने दोन तुकडे करायचे, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या अंगात जायला नको. आणि ज्या शहाण्याने हा शिवला ना, त्याला आणा माझ्यासमोर. साडूच्या जागी लटकवतो."

काहीजण हसले. काहींनी कप्पीकडे बघितलं. चावीकाका दोराची वेटोळी घालत होते. एक, दुसरं, तिसरं. मान वर केली नाही.

मग तिच्या नवऱ्याला बोलावलं. काठी टेकत तो पुढे गेला. त्याने नमस्कार केला, गोदामाचं सांगितलं, दिव्यांचं सांगितलं, आवाज चांगला लागला होता. "त्या दिवशी सकाळी मी पट्टा अंगात घातला," तो म्हणाला आणि थांबला. मागच्या रांगेत चिमणीचे ओठ पुढचं वाक्य म्हणायला लागले होते. तिने तिच्या तोंडावर हात ठेवला.

त्याने कप्पीकडे बघितलं. मग मागच्या रांगेत, सरळ आपल्या बायकोकडे.

"पट्टा मी नीट बघितला नाही," तो म्हणाला. "उलटून बघायला हवा होता. एवढंच." आणि खाली बसला.

ते वाक्य त्याने गाळलं होतं. दहा वेळा घोकलेलं वाक्य विसरलं असेल असं तिला वाटलं नाही.

सरांनी पट्टा बघायला दिला. तो रांगेरांगेतून हातोहात फिरत आला. कुणी टाके मोजले, कुणी बोट लावून ओढून पाहिले. "काय सफाई आहे राव," कुणीतरी म्हणालं. शेवटी तो तिच्या मांडीवर आला. तिने डोळे मिटले. पण चिमणीची बोटं थांबणारी नव्हती. आतला लोंबता तुकडा तिने उलटा केला, शाई न लागलेला निळा दोरा बघितला, मग खुर्चीखालचं आपलं दप्तर वर ओढून त्याच्या पट्ट्याशी तो धरून पाहिला.

"आई! हा तर माझ्या दप्तराचा!"

लंबू वळला. "काय म्हणतेस गं, चिमणे?"

अजूनही वेळ होता. पोरीचं काय, पोरीला सगळंच आपलं वाटतं, एवढं म्हणून हसलं की संपलं असतं. तिने ते वाक्य मनात जुळवलंही. आणि मग कप्पीपाशी तो हात पुन्हा कमरेकडे गेला आणि रिकामा खाली आला.

ती उभी राहिली. "सर, तो टाका माझा आहे."

आवाज इतका लहान निघाला की सरांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात, ताई?"

"पट्टा मी शिवला होता. घरी. धुवायला आला होता तेव्हा. चावीकाकांना माहीत नव्हतं. यांनाही माहीत नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नाही."

लंबूने दोन्ही हात डोक्यावर घेतले. "वहिनी... मीच नेला की तो पिशवीतून," तो पुटपुटला. मालक उठले, बसले, पुन्हा उठले, घसा खाकरून म्हणाले, "काका, तुम्ही उद्या या ऑफिसला. बोलू आपण."

"कशाला?" चावीकाका म्हणाले. "चाव्या आता दुसऱ्याकडे आहेत ना? असू देत."

पट्टा हातात तसाच धरून ती खुर्च्यांमधून वाट काढत त्यांच्यापाशी गेली. कशी गेली ते तिला आठवत नाही. चिमणी तिच्या पदराला धरून मागे मागे.

"काका, माझं चुकलं. मी तेव्हाच..."

त्यांनी दोर खाली ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकल्यासारखे दिसले.

"तुझ्या नवऱ्याच्या जिवाला जपायला शिवलास तू, पोरी. ते कळतं मला. मीही उलटा करून बघायला हवा होता. चाळीस वर्षं पट्टे बघितले, त्या दिवशी वरूनच बघितला. पण हे तू वर्षभर आधी बोलायला हवं होतंस."

"हो."

"माझी ही गेली. चार महिने झाले."

तिला माहीत नव्हतं.

"शेवटपर्यंत म्हणायची, अहो, एकदा कबूल करून टाका, मन हलकं होईल. मी म्हणायचो, मी केलंच नाही तर काय कबूल करू? ती म्हणायची, माझ्याशी तरी खोटं बोलू नका." त्यांनी हात धोतराला पुसावे तसे पँटला पुसले. "चाळीस वर्षांचा संसार. जाताना मनात हेच घेऊन गेली."

त्यांनी वाकून चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला, खिसे चाचपले, पण खिशात काही नव्हतं. "पुढच्या वेळी हं," असं म्हणाले आणि साडूला खाली उतरवायला लागले.

सरांनी तिच्या हातातून पट्टा घेतला. टेबलावरची मोठी कात्री तिच्यापुढे केली. तिने कापला. एरवी कापड ती एका दमात कापायची. त्या दिवशी पट्टा तीन वेळा कात्रीतून निसटला.

*

तिघं घरी परत निघाली. काठीचा आवाज, चिमणीच्या बुटांचा आवाज, दप्तरातली पाण्याची बाटली डचमळत होती. उन्हं भिंतींवर तिरकी झाली होती. रस्त्याकडेच्या एका खांबावर कुणीतरी शिडी लावून दिवा दुरुस्त करत होता. तिचा नवरा सवयीने थांबला, वर बघितलं, हुक कुठे अडकवलाय ते बघितलं, मग पुढे निघाला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हं."

"कधीपासून?"

"हॉस्पिटलमधून घरी आलो त्या दिवसापासून. मालकांनी दाखवलेला तो तुकडा डोळ्यांसमोर होता, आणि आत आलो तर समोर खुंटीला हिचं दप्तर, तोच पट्टा."

"मग विचारलं का नाही?"

"तू हो म्हणाली असतीस," तो म्हणाला. "मग मला काकांकडे जावं लागलं असतं. आणि लोक तुला काय काय म्हणाले असते. मी आपलं रोज ते वाक्य घोकत बसलो. म्हटलं, शंभर वेळा म्हटलं की खरं वाटायला लागेल."

तिने त्याचा काठी नसलेला हात धरला. त्याने धरू दिला. पण त्या हाताला नेहमीची ऊब लागेना. तो वर्षभर गप्प बसला तिच्यासाठी, ती गप्प बसली त्याच्यासाठी, आणि त्या दोन गप्प बसण्यांच्या मधे एका म्हातारीने आपल्या नवऱ्यावरचा विश्वास सोडला होता.

"उद्या जाऊ आपण काकांकडे," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगू. त्यांच्या गल्लीत घरोघरी जाऊन सांगू हवं तर."

"जाऊ," तो म्हणाला.

चिमणी दोघांच्या मधे चालत होती. केव्हापासून गप्प होती, आणि ती गप्प असली म्हणजे तिचं काहीतरी जुळवणं चालू असायचं. तिने दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. एकदम ती थांबली.

"आई, उद्या आपण सगळ्यांना सांगणार ना, की काकांनी नव्हतं केलं?"

"हो, बाळा. सगळ्यांना."

"मग काकूंना कोण सांगणार?"